नागलीचा धडा कला शाखेलाही हवा

नाशिक जिल्ह्यात हरसूल परिसरातल्या डोंगरउतारांवर नागली, वरई, उडीद पिकतात. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात त्याचा अगदी थोडा अंश. आपल्याच शेतातल्या धान्याची ही ओळख पोषणशास्त्र करून देते. तरीही ते म्हणजे गृहविज्ञानाच्या मुलींचा विषय, ही समजूत महाविद्यालयांतून जात नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा राज्यात या विषयाची मूलतत्त्वे कला, वाणिज्य शाखांच्या मुलामुलींनाही शिकवायला हवीत.

भूक गरिबीची आहे, अज्ञानाची नव्हे, हा आक्षेप बराचसा खरा आहे. रिकाम्या डब्याला प्रथिनांचा तक्ता काय कामाचा? पण जेवणाबरोबरचा चहा लोहाचे शोषण घटवतो आणि लिंबू-आवळा ते वाढवतो, हे कळायला पैसे लागत नाहीत. शिवाय अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार द्यायचा असतो. त्या ताटात काय वाढले जाते, हे उद्या हीच मुले अंगणवाडी सेविका, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य म्हणून तपासणार आहेत. अभ्यासक्रम आधीच जड आहे म्हणता? मग एखादा पाठांतराचा पेपर कमी करा.