धांवणाराची सायकल

वाचकहो, वडीलकीच्या नात्यानें दिलेला सल्ला आपल्याच अंगलट यावा, असा प्रसंग कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या घरीं घडला. तो सांगतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो; परंतु ज्या घरांतील तरुण मंडळी पहांटे उठून धांवावयास जातात, त्या घरांस त्याचा उपयोग होईल, म्हणून संकोच बाजूस ठेवून लिहितों.

आमचा पुतण्या गेलीं ८ वर्षें लांब पल्ल्याचें धांवणें करीत असे. ४२ किलोमीटरांची मॅरेथॉन त्यानें तीन वेळां पुरी केली होती. पुढें दोन वर्षांत दुसऱ्यांदां नडगीच्या हाडास सूक्ष्म भेग पडली, तेव्हां डॉक्टरांनीं लांब धांवणें सोडून देण्यास सांगितलें आणि हाड पुरतें सांधल्यावर सायकल चालविण्यास मोकळीक दिली. मुलगा घरांत अबोल झाला. सवयीनें पहांटे चार वाजतां उठे आणि अंधारांत ओटीवर बसून राही. वहिनींच्यानें तें बघवेना. अखेर नवी सायकल आली. पहिल्याच रविवारीं त्यानें विचारलें, “काका, कोठपर्यंत जाऊं?” आम्ही ऐटींत म्हणालों, “४२ किलोमीटर पायांनीं धांवणारा तूं! तुला चाकांवर कात्रजचा घाट तो काय?”

दुपारीं तो परतला तो भिंत धरून जिना चढत. गुडघ्याच्या वाटीपाशीं ठणका लागला होता. घाटांत आमच्या वयाचे एक गृहस्थ त्याला सहज मागें टाकून गेले, हें शल्य तर त्याहून मोठें. “काका, मला धापसुद्धां लागली नव्हती, मांड्याच चालेनात. धांवणें गेलें, आणि हेंहि जमत नाहीं,” असें म्हणून तो आंत निघून गेला. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. संस्कृतांत पहिला येणारा विद्यार्थी भूमितीच्या तासाला पहिल्याच धड्यापासून सुरुवात करतो, हें उभा जन्म शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें विसरावें!

सुश्रुतानें व्यायामाचा एक नियम घालून दिला आहे. मनुष्यानें आपल्या अर्ध्या बलानेंच व्यायाम करावा. आणि अर्धें बल खर्चीं पडल्याची खूण ही, कीं हृदयस्थ वायु मुखाशीं येतो. नियम उत्तम आहे. परंतु धांवणाऱ्या माणसास सायकलीवर हीच खूण फसविते. वर्षानुवर्षें धांवून त्याचें हृदय व फुप्फुसें तयार झालेलीं असतात, आणि हें धन सायकलीवरहि त्याच्या उपयोगीं पडतें. मांड्यांचें तसें नाहीं. धांवतांना दर पावलीं शरीराचा भार जमिनीवर येतो, स्नायु तो तोलून धरतात आणि पायांतील कंडरा स्प्रिंगेप्रमाणें कांहीं जोर परत देतात. सायकलीवर असा परतावा फारसा नाहीं. चाक फिरविण्याचा जवळजवळ सर्व जोर मांडीच्या पुढील व नितंबांच्या स्नायूंनीं स्वतः उत्पन्न करावा लागतो. म्हणून श्वास निवांत चालत असतो, आणि मांड्यांनीं मात्र केव्हांच हात टेंकलेले असतात. तेव्हां अर्ध्या बलाचें माप या नव्या व्यायामांत श्वासावरून न घेतां मांड्यांवरून घ्यावें, एवढाच आमच्या सांगण्याचा सारांश.

दुसऱ्या दिवशीं आमच्या गल्लींतील सायकल-दुरुस्तीवाल्यानें एक दृष्टि टाकून सांगितलें, “मास्तर, सीट चार बोटें खालीं आहे.” सीट खालीं असली म्हणजे गुडघा फार वांकतो व वाटीवर ताण येतो. परीक्षा सोपी आहे. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावें व टांच पायडलावर ठेवावी. पायडल तळाशीं असतां गुडघा नुकता सरळ व्हावा. मग चवडा पायडलावर ठेविला, कीं गुडघ्यास योग्य तेवढा हलका बांक राहतो. चालवितांना कंबर दोहों बाजूंस डोलूं लागली, तर सीट फार वर गेली असें समजावें.

दुसरी चूक गिअरची. मुलगा जड गिअरवर मिनिटास जेमतेम ५५ फेरे मारीत होता. वस्तुतः सरावलेला धांवणारा मिनिटास सुमारें १७० ते १८० पावलें टाकतो. म्हणजे एकेक पाय ८५ ते ९० वेळां उचलला जातो. सपाट रस्त्यावर सायकलीचे फेरेहि साधारण ८० ते ९० असावेत. ताल त्याच्या अंगीं होताच. गिअर हलका करण्याचाच अवकाश होता. उजवा गुडघा १५ सेकंदांत २१-२२ वेळां वर आला, कीं ताल बरोबर समजावा.

ठणका पुरता थांबेपर्यंत त्यानें विश्रांति घेतली. मग आठवड्यांतून तीन दिवस, सपाट रस्त्यानें, हलक्या गिअरवर ४० मिनिटें. पुढें तिहींपैकीं एक फेरी दर आठवड्यास दहा-पंधरा मिनिटांनीं वाढविली, आणि दर चौथ्या आठवड्यास मुद्दाम कमी केली. सहा आठवड्यांनंतर एक दिवस पांच मिनिटें जोरानें व पांच मिनिटें सावकाश, असें तीन वेळां. दोन दिवस आपल्या जुन्या बैठका, पंधरापासून आरंभ करून. शिवाय रोज भरभर चालणें. कारण सायकलीवर हाडांवर शरीराचा भार पडत नाहीं, आणि भाराशिवाय हाड बळकट राहत नाहीं.

वाऱ्यानें घाम वाळतो, म्हणून सायकलीवर तहान कळत नाहीं. तरी घोंट घोंट पाणी घेत राहावें. दीड तासाहून लांब जाणारानें केळीं किंवा खजूर जवळ ठेवावीं. हेल्मेटाविषयीं वहिनींनीं घरांत आधींच कायदा केला होता. त्यांत आम्हांस भर घालावी लागली नाहीं.

बाराव्या आठवड्यांत तो पुन्हां कात्रजच्या घाटास गेला. आम्ही ओटीवर वाट पाहत होतों. वहिनी दोनदां दारापर्यंत येऊन गेल्या. तो आला, सायकल भिंतीस टेंकली आणि पायऱ्या नीट चढून वर आला. किती वेळ लागला तें त्यानें सांगितलें नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं. एवढेंच म्हणाला, “काका, चढ संपेपर्यंत ताल मोडला नाहीं.” मग स्वयंपाकघराकडे पाहून मोठ्यानें पोहे मागितले. कित्येक महिन्यांनीं त्याचा असा आवाज घरांत ऐकूं आला.

खातांखातां त्यानें विचारलें, “पुढल्या रविवारीं कोठें जाऊं?”

आम्ही म्हणालों, “बाबा रे, तें तुझ्या मांड्यांस विचार.”