दात मोजून शर्यत

परवा ऑफिसात एका मित्राने अमेरिकेतल्या हौशी ‘ब्रॅकेट रेसिंग’चा व्हिडिओ दाखवला. पाव मैल किती सेकंदांत तोडणार, हे आधीच सांगायचं. माझी खटारा १४ सेकंदवाली, तुमची १२वाली. मग हिरवा दिवा मला दोन सेकंद आधी! मात्र सांगितल्याहून जोरात पळालात तर बाद. फेकूंचा बंदोबस्तच.

‘भारी ना?’ तो म्हणाला. म्हटलं, आमच्या धाराशिवकडे दात मोजतात.

खरंच! बैलगाडा शर्यतीत दुधाचे दात असलेला गोऱ्हा ‘आदत’, दोन पक्के दात आले की ‘दुसा’, चार आले की ‘चौसा’. आदतशी आदतच भिडणार. आता जनावराचा जन्मदाखला कोण ठेवतो? पक्के दात साधारण दोन वर्षांनी येतात, पण तारीख सांगून थोडेच येतात!

२०१४ची बंदी डिसेंबर २०२१मध्ये सुप्रीम कोर्टाने सैल केली, तशी आमच्या तात्यांनी आदत जोडी तयार केली. शर्यतीच्या आदल्या रात्री बॅटरी मारून बघतात तर एका गोऱ्ह्याचा दुधाचा दात गायब, नवा डोकावतोय.

‘तात्या, अर्धाच तर आलाय. कोण बघतंय?’ हे मी. शिकलेला.

‘पंच राहू दे. गोऱ्हा हंबरला की गावाला दिसतंय.’

जोडी दुसात उतरली. पहिल्याच फेरीत बाहेर. परतताना तात्या टेम्पोत मागे, गोऱ्ह्यांजवळ उभे. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. गप्प.