यंत्राची मर्जी आणि मराठीच्या विभक्ती

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात दुकानदारांच्या मजकुराची चर्चा कशास, असे काही वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. त्यांस माझे सांगणे एवढेच की, सुशिक्षित मराठी कुटुंबांत आज रोज जे गद्य डोळ्यांखालून जाते, त्यात निबंध व कादंबरी यांचा वाटा अल्प असून, काही ना काही विकण्यासाठी लिहिलेल्या गद्याचा वाटा फार मोठा आहे. डॉ. जॉन्सनसारख्या पंडिताने इ. स. १७५९ मध्ये आपल्या ‘आयडलर’ या निबंधमालेत जाहिरातींवर एक स्वतंत्र निबंध लिहिला, आणि त्यात त्यास कमीपणा वाटला नाही. मग आमच्याच टीकाकारांनी या प्रांताकडे पाहून नाक का मुरडावे? शिवाय हा प्रश्न निव्वळ अभिरुचीचा असता तर मी लेखणी उचलली नसती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तो माणसांच्या जिवाशी कसा जाऊन भिडतो, ते पुढे येईलच.

संकेतस्थळांचा मजकूर लिहून देण्याचा एक नवा धंदा गेल्या वीसपंचवीस वर्षांत उदयास आला आहे. या धंद्यातील मंडळींचा एक लाडका सिद्धान्त असा की, अशा मजकुरास दोन धनी असतात: एक गिऱ्हाईक आणि दुसरे शोधयंत्र. गिऱ्हाइकास मन आहे, यंत्रास नाही. म्हणून गिऱ्हाइकासाठी गोड बोलावे, यंत्रासाठी ठरावीक शब्द, ज्यांस ही मंडळी ‘कीवर्ड’ म्हणतात ते, जागोजागी पेरावे, आणि दोघांचा मेळ घालावा. ही तारेवरची कसरत ज्यास साधली तो निष्णात लेखक. हा सिद्धान्त ऐकावयास मोठा समंजस वाटतो. माझे म्हणणे असे आहे की तो मुळातच खोटा आहे, आणि मराठीत तर तो दुप्पट खोटा आहे.

प्रथम या कसरतीचे फळ पाहावे. आर्णी हे अरुणावतीच्या काठचे, नागपूर-तुळजापूर महामार्गावरचे तालुक्याचे गाव. भोवती कापूस, सोयाबीन आणि तूर; त्यामुळे बाजारात कृषी केंद्रांची दाटी. त्यांपैकी एखाद्याने संकेतस्थळ करवून घेतले की त्यावर पुढील थाटाचा मजकूर झळकतो: “तुम्ही आर्णी मध्ये बेस्ट कृषी केंद्र शोधत आहात का? कापूस बियाणे आर्णी, कीटकनाशक आर्णी, खत दर आर्णी यासाठी आमचे आर्णी कृषी केंद्र हे आर्णी मधील बेस्ट कृषी केंद्र आहे.” हा नमुना मीच जुळविला आहे, परंतु ज्यांनी अशी पाने चाळली आहेत ते त्यास अतिशयोक्ती म्हणणार नाहीत. गावाचे नाव सहा वेळा आले. दुकान कोणत्या रस्त्यावर आहे, किती वाजता उघडते, कोणते वाण शिल्लक आहे, यांपैकी एकही गोष्ट आली नाही. आर्णीच्या माणसास आपण आर्णीत आहोत हे सहा वेळा सांगण्याची गरज कोणास भासली? गिऱ्हाइकास खास नाही.

आता व्याकरणाकडे वळू. ‘कीवर्ड’ची ही विद्या इंग्रजीच्या घरी जन्मली, आणि इंग्रजीतील नाम मोठे स्थिर असते. ‘कॉटन’ हा शब्द वाक्यात कोठेही ठेवा, तो ‘कॉटन’च राहतो, संबंध दाखविण्याचे काम शेजारचे लहानसहान शब्द करतात. मराठीची रीत निराळी. येथे प्रत्यय लागण्यापूर्वीच नाम आपले रूप बदलते. ‘कापूस’ म्हणावे तर कापसाचा, कापसाला, कापसात. ‘पाऊस’ म्हणावे तर पावसाने. ‘विहीर’ म्हणावी तर विहिरीत आणि तेथे वेलांटीसुद्धा पहिली उरत नाही. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण छापले तेव्हापासून शाळेतली पोरे हे सामान्यरूप घोकीत आली आहेत. पण मजकूर-व्यवसायी आपल्या हाताखालच्या लेखकास ‘कापूस बियाणे’ हे दोन शब्द देतो आणि ते अमुक वेळा आलेच पाहिजेत असे बजावतो. मग तो बिचारा ‘कापसाचे बियाणे’ लिहावयास भितो, कारण ‘कापसाचे’ हा त्याच्या यादीतला शब्द नव्हे. ‘आर्णीत’ लिहिले तर ‘आर्णी’ मोजले जाईल की नाही अशी त्यास धास्ती. म्हणून तो ‘आर्णी मध्ये’ असा प्रत्यय तोडून लिहितो. अशा रीतीने विभक्ती गळतात, सामान्यरूप गळते, क्रियापद शेवटी कसेबसे ‘आहे’वर येऊन टेकते, आणि उरते ती नामांची रास. मालगाडीचे डबे रुळांवर उभे आहेत, पण त्यांस जोडणाऱ्या साखळ्याच काढून टाकल्या आहेत, असे ते दृश्य असते.

हे सर्व यंत्राच्या मर्जीखातर चालले आहे असे आपणांस सांगण्यात येते. यंत्राची मर्जी खरोखर अशी आहे काय? गूगलची स्थापना १९९८ मध्ये झाली, आणि तिच्या दोघा संस्थापकांची मूळ कल्पना शब्द मोजण्याची नव्हतीच. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणत्या योग्यतेची पाने बोट दाखवितात, यावरून त्याचे वजन ठरवावे, अशी ती होती. विद्वानांच्या लेखांचा आधार जितके इतर विद्वान घेतात तितकी त्यांची प्रतिष्ठा वाढते, त्यातलाच हा प्रकार. पानाच्या पोटात गुप्तपणे कीवर्डांची यादी लिहिण्याची जी प्रथा होती, तिच्याकडे आपण क्रम लावताना पाहत नाही, असे गूगलने २००९ मध्ये उघड सांगितले. २०११ च्या फेब्रुवारीत तिने क्रम लावण्याच्या पद्धतीत जो बदल केला त्याने केवळ यंत्रासाठी पिकविलेल्या मजकुराच्या पानांची मोठी धूळधाण झाली. २०१९ मध्ये वाक्यातील शब्दांचे परस्परसंबंध ध्यानात घेणारी पद्धत आधी इंग्रजीत आणि वर्षअखेरीस इतर अनेक भाषांत आली. २०२२ मध्ये तर माणसांसाठी लिहिलेल्या मजकुरासच वर आणावयाचे, या हेतूने आणखी एक फेरफार झाला. सारांश, यंत्र वर्षानुवर्षे माणसासारखे वाचावयास शिकत आहे आणि आमचे लेखक यंत्रासारखे लिहावयास शिकत आहेत. ज्याची मर्जी राखण्यासाठी भाषेची हाडे मोडली, तो धनी केव्हाच तेथून उठून गिऱ्हाइकाच्या बाकावर जाऊन बसला आहे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की, यंत्रास मराठी इंग्रजीइतकी चांगली वाचता येत नाही. हे खरे आहे, आणि मला ते नाकारावयाचे नाही. पण त्याची कारणे पाहा. कित्येक वर्षे आमची मराठी स्थळे आपापल्या खाजगी टंकांत मजकूर लिहीत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत रोमन अक्षरांचा काला भरलेला असे, आणि यंत्रास तो कालाच वाचावा लागे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून असताना हा प्रकार पुढे दीर्घकाळ चालला. आजही अनेक दुकानदार सगळा मजकूर एका रंगीत चित्रात कोंबून ते चित्र पानावर टाकतात. यंत्राने तो मजकूर नीट वाचला नाही, यात नवल ते काय? तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये असावा, तो चित्रात कोंडू नये, पानाच्या मथळ्यात दुकानाचे व गावाचे नाव एकदा स्वच्छ असावे, एवढ्या गोष्टी यंत्राच्या सोयीच्या म्हणून मान्य करण्यास माझी हरकत नाही. पाटी दिव्याखाली लावावी, यातलेच हे शहाणपण आहे. पाटीवर काय लिहावे, तो प्रश्न निराळा.

पाटीवरून आठवले. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून महाराष्ट्रातील सर्व दुकानांस मराठी पाटी सक्तीची झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांस ती लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी मराठी झाली खरी. पाटीमागची मराठी कोणती, याची विचारपूस कोणत्याही इन्स्पेक्टराच्या कक्षेत येत नाही.

व्यापारी मजकूर चांगल्या मराठीत लिहिता येतो काय, या शंकेस आपल्याच इतिहासात उत्तर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर पडून राहिले. तो समज घालविणे म्हणजेच नांगर विकणे होते. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. मूळ हेतू कारखान्याच्या मालाची माहिती देण्याचा. पण लिहिणाराने समोर वाचणारा माणूस आहे हे कधी विसरले नाही, आणि त्या पत्रकाचेच पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. त्या संपादकास ‘लोखंडी नांगर किर्लोस्करवाडी’ हे शब्द बारा वेळा घालण्याचा सल्ला कोणी दिला असता तर त्याने काय केले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता जिवाची गोष्ट. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची विषबाधा होऊन वीसच्या सुमारास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत पडले. त्याच वर्षी शेंदरी बोंडअळीने कापसाची दाणादाण उडविली होती. या देशात कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण छापणे बंधनकारक आहे: तांबडा सर्वांत जहाल विषाचा, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. फवारणाऱ्या मजुरांपैकी किती जणांस त्याचा अर्थ कोणी समजावून सांगितला असेल? डब्याबरोबरच्या घडीपत्रकाची अक्षरे मुंगीच्या पायाएवढी. अशा वेळी आर्णीच्या कृषी केंद्राचे पान म्हणजे केवढी मोक्याची जागा! तांबड्या त्रिकोणाचा अर्थ काय, वाऱ्याच्या तोंडावर का फवारू नये, दोन औषधे मनाने एकत्र का करू नयेत, मळमळ सुरू झाली तर काम तत्काळ थांबवून डबा बरोबर घेऊन डॉक्टराकडे का जावे, हे दहा साध्या वाक्यांत तेथे लिहिता येते. ती जागा आम्ही ‘बेस्ट कीटकनाशक आर्णी’ या चार वेळच्या जपास देऊन बसलो आहो.

आणि गंमत अशी की यंत्राच्या दृष्टीनेही हाच सौदा फायद्याचा आहे. इकडचा शेतकरी कापसाच्या झाडास ‘पऱ्हाटी’ म्हणतो. मोबाइलवर आता टंकावे लागत नाही, बोलले तरी भागते, तो यंत्रासही “पऱ्हाटीवर बोंडअळी आली तं काय फवारू?” असेच विचारणार. पुण्यामुंबईत बसून केलेल्या कीवर्डांच्या यादीत ‘पऱ्हाटी’ कोठून असणार? गल्ल्यावर बसून दिवसभर हेच प्रश्न ऐकणाऱ्या दुकानदारास तो शब्द ठाऊक आहे. त्याने गिऱ्हाइकाच्या प्रश्नास गिऱ्हाइकाच्या शब्दांत, विभक्तीप्रत्ययांसह, खरे उत्तर लिहिले, तर नेमका तोच प्रश्न विचारणाऱ्यापुढे यंत्र ते पान ठेवील, याची शक्यता ठोकळेबाज मजकुराहून कितीतरी अधिक.

या दुर्दशेचा दोष केवळ दुकानदारास लावणे अन्यायाचे होईल. मजकुराची मजुरी बहुधा शब्दांच्या हिशेबाने मिळते. सहा वेळा ‘आर्णी’ लिहिणाऱ्यास सहा शब्दांचे दाम मिळतात, आणि तांबड्या त्रिकोणाचा अर्थ शोधून काढण्यात गेलेल्या संध्याकाळचे काहीच मिळत नाही. हे काम करणाऱ्यांत आमच्याच महाविद्यालयांतून मराठी विषय घेऊन बाहेर पडलेली मुले आहेत. त्यांस आम्ही रस, अलंकार, वृत्ते शिकविली आणि पोटाच्या गद्याविषयी फारसे काही शिकविले नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळास अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, निमंत्रणावरून देशभर वादंग माजले. पण या गद्यास आमच्या अभ्यासक्रमात अजून पुरेशी जागा नाही.

ती द्यावी, असे मी अभ्यासमंडळांपुढे स्पष्ट मांडतो. बी. ए. च्या शेवटच्या वर्षास एक प्रश्नपत्रिका प्रात्यक्षिकाची असावी. विद्यार्थ्यांच्या हाती कीटकनाशकाचे एक घडीपत्रक द्यावे आणि त्यावरून दोनशे शब्दांचे पान लिहावयास सांगावे. ते परीक्षकांनी तपासू नये. एखाद्या फवारणाऱ्या मजुरास वाचून दाखवावे, आणि तो मग पंप पाठीवर घेण्यापूर्वी काय काय करतो ते पाहून गुण द्यावे.