सहलीचा जमाखर्च

मुलांच्या शिबिराची डोंगरसहल आखताना आपण खाऊ नि बसभाड्याचा हिशेब पैशापर्यंत करतो. वेळेचा मात्र अंदाजपंचे! येळ्ळूरचा राजहंसगड काय, जवळच आहे, असे म्हणून निघतो आणि उतरताना अंधार पडतो. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सोपा हिशेब मांडला : पाच किलोमीटरला एक तास, शिवाय सहाशे मीटर चढाला आणखी एक. पण तो धडधाकट प्रौढांचा. लहान मुलांसाठी तो दुप्पट धरावा, असे माझे मत आहे. सर्वांत हळू चालणारे पोर पुढे ठेवावे, मागे एक जाणता असावा. परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. माथा राहिला तरी चालेल, ती वेळ टळता कामा नये. गड कुठे पळून जात नाही. दिवसाच्या खात्यावर उजेड मात्र शिल्लक हवा.