येरवडेकरांनो, काळजाचा ठोका वाचवा

माझा थोरला भाऊ तीस वर्षं रिक्षा चालवत होता. स्टेशन, विमानतळ, विश्रांतवाडी, गाडीतळ. सकाळी सातला बाहेर पडायचा, रात्री दहाला घरी. पोट हँडलला टेकायला लागलं तेव्हा आम्ही हसलो. आई म्हणायची, "अंग धरलंय पोरानं, दृष्ट लावू नका." रात्री त्याचं घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू यायचं. तेही आम्हाला गाढ झोपेचं लक्षण वाटायचं. कधीमधी छातीत धडधडायचं. पाखरू फडफडल्यासारखं होतं, म्हणायचा. पित्त असेल म्हणून सोडा प्यायचा, पाच मिनिटं रिक्षा बाजूला लावायचा आणि पुढचं भाडं घ्यायचा.

एका सकाळी चहाचा कप त्याच्या डाव्या हातातून निसटला. तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. दवाखान्यात ईसीजी काढला, तेव्हा पट्टीवर बोट ठेवून डॉक्टरांनी विचारलं, "यांच्या हृदयाची लय बिघडलीय, कधीपासून?" आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. नाडीवर कधी कुणी बोटच ठेवलं नव्हतं. दादाचं बोलणं पुढे सुधारलं. हात पुरता आला नाही. रिक्षा आता दुसऱ्याच्या हातात, शिफ्टवर आहे.

त्या दुखण्याचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांतलं एक मोठं कारण आपण कौतुकानं वाढवत होतो, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला ते आज कळावं म्हणून हा लेख.

पुण्याच्या माणसाला हे दुखणं समजवायला ढोल-ताशाचं पथक पुरेल. ताशा चाल धरतो, ढोल त्यामागून पडतो. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात असाच एक ताशेवाला बसलेला असतो. पेशींचा एक लहानसा पुंजका, मिनिटाला साठ ते शंभर ठोके देणारा. त्याचा इशारा आला की वरचे दोन कप्पे आवळतात, मग खालचे दोन. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांत शेकडो ताशे एकदम, ज्याच्या त्याच्या चालीनं वाजू लागतात. मिनिटाला साडेतीनशेहून जास्त विद्युत-ठिणग्या उडतात. कप्पा आवळतच नाही, नुसता थरथरतो. खालचे ढोल वेडेवाकडे पडतात. आणि थरथरणाऱ्या कप्प्यात, विशेषतः त्याला जोडलेल्या एका छोट्या पिशवीत, रक्त साचून गोठतं. ती गुठळी सुटून मेंदूकडे गेली की माझ्या भावाचं जे झालं ते होतं. ही लय बिघडलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या दीर्घ अभ्यासानं दाखवून दिलं.

आता पोटाचा आणि या लयीचा संबंध. त्याच फ्रेमिंगहॅमच्या पाहणीतून २००४ साली पुढे आलं, की उंचीच्या मानानं वजन सांगणारा बीएमआय एका अंकानं वाढला की हा आजार होण्याची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. लठ्ठ माणसांत ती जवळपास दीडपट होती. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संशोधकांनी हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचा आकार हिशोबात धरला, तेव्हा वजनाचा वेगळा परिणाम जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे वजन आपलं काम बहुतांशी त्या कप्प्याला ताणून करतं. अंग वाढलं की रक्ताचं आकारमान वाढतं, दाब वाढतो, आणि तो कप्पा वर्षानुवर्षं फुगत जातो. त्यात हृदयाला लगटून चरबी साठते, त्या चरबीतून दाह वाढवणारी द्रव्यं झिरपतात, आणि स्नायूच्या जागी चिवट तंतू तयार होतात. अशा भिंतीतून इशारा सरळ जात नाही, अडखळतो, उलटा फिरतो. घोरण्याचंही तेच. झोपेत श्वास अडला की छातीत जोराची ओढ बसते, रक्तातला प्राणवायू उतरतो, आणि रात्रभरात असे कित्येक हिसके त्या कप्प्याला सोसावे लागतात. माझ्या भावाची ती "गाढ झोप" म्हणजे रोजची मारहाण होती.

"आम्ही कुठे लठ्ठ आहोत?" असं म्हणणाऱ्यांसाठी नदीपलीकडची एक गोष्ट सांगते. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आत दुपटीहून जास्त फरक. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांवर याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम तर याहून हलवून टाकणारं आहे. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं टिकवलेली. हा 'बारीक पण चरबीदार' देह घेऊनच आपण जन्माला येतो. म्हणून भारतीयांसाठी डॉक्टर २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत असावी, असं सांगतात. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी किती माणसं लक्ष्मीनगरच्या गल्लीत आणि कल्याणीनगरच्या सोसायट्यांत दिसतात, ते तुम्हीच आठवा.

बायांनो, हे तुमच्यासाठीही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत कंबर मोजली गेली, तेव्हा देशातल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांचं पोट मर्यादेबाहेर निघालं. धाप लागली, धडधडलं, तर आपण "थकवा असेल", "पाळी जायचं वय आहे" म्हणून पुन्हा चुलीकडे वळतो. वळू नका. आधी नाडी पाहा.

बारीक माणसाची लय कधी बिघडत नाही असं मुळीच नाही. वय, थायरॉइड, दारू, लहानपणी घसा सुजून झालेल्या संधिवाताच्या तापानं खराब झालेली झडप, यांनीही ती बिघडते. आणि जाड माणसाला हसून कुणाचंही काळीज सुधारलेलं नाही. आम्ही घरात दादाला पुष्कळ हसलो आणि त्याचं दुःख मला आजही आहे.

पण या आजाराच्या बाबतीत वजन ही अशी गोष्ट आहे, जिला हात घालता येतो आणि हात घातला तर लय परत येऊ शकते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात डॉ. प्रशांतन सँडर्स आणि डॉ. राजीव पाठक यांच्या गटानं वजन जास्त आणि लय बिघडलेली अशी ३५५ माणसं कित्येक वर्षं पाहिली. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांनी वजन १० टक्के किंवा अधिक उतरवलं आणि ते टिकवलं, त्यांची लय नीट राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. त्यांच्यातले ४६ टक्के लोक तर लयीच्या गोळीवाचून, शस्त्रक्रियेवाचून ठीक राहिले. ८५ किलोच्या माणसाला हे साडेआठ किलो होतात. वर्षभराच्या नेटानं जमण्यासारखं आहे. मात्र वजन खाली-वर झोके घेत राहिलं, तर फायदा बराचसा वाया गेला. महिनाभर फक्त काकडी खाऊन पुन्हा मूळपदावर येणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

घाई का करायची, तेही सांगते. १९९५ साली नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी बकऱ्यांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखवलं, की बिघडलेली लय जितका काळ चालू राहते तितकी ती घट्ट रुजते. आज पाच मिनिटं फडफडून थांबणारं पाखरू उद्या थांबत नाही. दादाच्या त्या पाच-पाच मिनिटांच्या थांब्यांत त्याला वाचवता आलं असतं. तुमच्या घरात आज कुणीतरी असंच थांबत असेल.

म्हणून प्रत्येक घरात नाडी पाहायला शिका. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दोन बोटं ठेवा आणि घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट मोजा. आकडा किती यापेक्षा चाल बघा. एकसारखी पडतेय, की मध्येच दोन जलद, मग खंड, मग एक हलका? चाल मोडलेली वाटली तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका. हे वाक्य मी हात जोडून लिहिते आहे. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर मालिश, तेल, कांदा हुंगवणं असलं काही न करता १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

मग मंडळं. येरवड्यात गल्लोगल्ली गणेश मंडळं आहेत आणि रक्तदानाची शिबिरं त्यांनी मनापासून भरवली आहेत. त्या शिबिराच्या टेबलावर एक मोजपट्टी आणि नाडी पाहणारी एक मुलगी बसवा. मिळालं तर ईसीजीचं यंत्र. बचत गटाच्या बैठकीत, रिक्षा स्टँडवर, कॉमरझोनमध्ये दिवसभर खुर्चीला खिळलेल्या पोरांच्या कँटीनमध्ये हे झालं पाहिजे. महापालिकेकडेही मागू या. राजीव गांधी रुग्णालयात आणि आपल्या वस्त्यांतल्या दवाखान्यांत रक्तदाब मोजताना प्रत्येकाच्या मनगटावर बोटं ठेवली जावीत. यंत्रावर दाबाचा आकडा येतो. मोडलेली चाल त्यातून निसटू शकते. आणि चालायला जागा हवी. फुटपाथवर गाड्या उभ्या असताना "रोज चाला" असं सांगणं म्हणजे गरिबाला बदाम खा म्हणण्यासारखं आहे. आपल्या वस्तीतली उरलीसुरली मैदानं, झाडांखालचे रस्ते, फुटपाथ यांच्यासाठी अर्ज करा, सह्या गोळा करा. नगरसेवक मतं मागायला येईल तेव्हा त्याला तिथे चालवून आणा.

इथल्या आगाखान पॅलेसच्या आवारात महादेवभाई देसाई आणि कस्तुरबांच्या समाध्या आहेत. १५ ऑगस्ट १९४२ ला, कैदेचा आठवडा झाला नाही तोच, पन्नाशीच्या महादेवभाईंचं हृदय थांबलं. कस्तुरबाही २२ फेब्रुवारी १९४४ ला हृदयाच्याच दुखण्यानं गेल्या. त्यांच्या आजारांचा लठ्ठपणाशी काही संबंध नव्हता. मी ती जागा आठवते ती दुसऱ्या कारणानं. त्याच आवारात, पहाऱ्यात, सत्तरी ओलांडलेले गांधीजी फेऱ्या मारायचे. मी दादाला पहिल्यांदा चालायला नेलं ते तिथेच. दोन फेऱ्यांत तो बसला आणि रडला. आता तो न बसता सहा फेऱ्या मारतो. डावा हात खिशात ठेवतो, कुणी विचारू नये म्हणून.

वडापाव, क्रीमरोल आणि दिवसाचे आठ गोड चहा यांतले चहा त्यानं आधी सोडले. बाकीचं हळूहळू. भाकरी, पालेभाजी, उसळ घरचीच होती, ती परत ताटात आली. बारा किलो उतरलेत. घोरणं कमी झालंय, त्याबद्दल वहिनी रोज देवाला दिवा लावते.

येत्या रविवारी सकाळी मी त्याच्या जुन्या स्टँडवर जाणार आहे. शिंप्याकडून आणलेली मोजपट्टी, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक वही घेऊन. दादा सोबत येतोय. म्हणाला, "नाडी मी बघीन सगळ्यांची, उजवा हात आहे की."