रिकामी कुंडी

सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली आहे : ‘पावसाळ्यापूर्वी गच्चीवरील रिकाम्या कुंड्या हटवाव्यात, अन्यथा भंगारात जातील.’ बोईसरात मे महिन्यात फळ्यावर टँकरच्या वेळांखेरीज दुसरं काही लागलं, याचं खरं तर कौतुकच करायला हवं. पण गच्चीवरच्या या कुंड्या माझ्याच. आणि त्या रिकाम्या नाहीत. आत कळलावी झोपली आहे.

श्रावणात सफाळे-पालघरकडे कुंपणांवर लाल-पिवळी फुलं पेटलेली दिसतात, तीच. तमिळनाडूचं राज्यफूल. पानाच्या टोकाचाच ताणा होतो नि वेल त्याने वर चढते. पाऊस सरला की ती वाळते. खाली नांगराच्या फाळासारखा कंद उरतो. जूनपर्यंत त्याला पाणी लागत नाही. घातलंत तर कुजेल.

नर्सरीत ‘कमी पाण्याचं’ म्हणून जी गुबगुबीत पानांची रोपं गळ्यात मारतात, ती जुलैत सडतात. आपल्याकडे उन्हाळा काढणं हा अर्धाच पेपर. आधी चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घ्यायचा, मग आठ महिने कोरडे. हे जमतं ते इथल्याच रानातल्या झाडांना.

सेक्रेटरी म्हणाले, “झाड दाखवा, कुंडी ठेवतो.” मे महिन्यात कुठून दाखवू? मग मीटिंगमध्ये भाषण ठोकलं. गौरीला हीच फुलं लागतात, हे सांगितलं. कोणी मान वर केली नाही. तमिळनाडूत हिची शेती होते, बियांतून कोल्चिसीन काढतात, ते गाऊटवर देतात, म्हटलं. इथे तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा जागे झाले.

त्यांचं युरिक ॲसिड हा आमच्या इमारतीचा सार्वजनिक विषय आहे. अंगठा सुजला की लिफ्टपासून वाण्यापर्यंत सगळ्यांना बातमी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा गच्चीवर, हातात चमचा.

“जरासा उगाळून घेतला तर?”

“आजोबा, जहर आहे ते. गोळीतलं मोजून दिलेलं असतं. हा कंद पोटात गेला तर अंगठ्याचं दुखणं राहील बाजूला, माणूसच जाईल.”

“मग पानं?”

“पानंही विषारीच.”

“लेप तरी?”

शेवटी प्रत्येक कुंडीवर लाल रंगाने ‘विष’ असं लिहिलं. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. रिकाम्या कुंडीचं त्यांनी सोडून दिलंय. पण गच्चीवर विष ठेवायचं तर म्हणे कमिटीचा ठराव लागतो.