रिमोटवाचून अडते कोठे?

आमच्या छायाचित्रण मंडळाच्या वर्गणीतून यंदा रिमोट घ्यावेत, असे घाटत आहे. रिमोट नाही म्हणून रात्रीचे फोटो जमत नाहीत, ही तक्रार. मला ती पटत नाही.

बटण दाबताना बोटाचा धक्का लागतो आणि दिव्याच्या ठिपक्याला शेपूट फुटते, हे खरे. पण सेल्फ-टायमर लावला की बोट निघाल्यावर, कॅमेरा स्थिरावल्यावरच शटर उघडते. 30 सेकंदांपर्यंतचे काम बहुतेक कॅमेऱ्यांवर असे निभावते. त्याहून जास्त वेळ हवा तर 'बल्ब'. तेथे मी भिंगापुढे काळा पुठ्ठा धरतो, बटणावर खोडरबराचा तुकडा ठेवून वरून रबरबँड आवळतो, थरथर थांबली की पुठ्ठा अलगद दूर करतो. वेळ भरली की पुन्हा पुठ्ठा, मग रबरबँड काढायचा. (पुठ्ठा भिंगाला टेकवू नये, मी एकदा टेकवला आणि अर्धा तास वाया घालवला.)

1838 साली दागेरने पॅरिसच्या रस्त्याचा प्रसिद्ध फोटो घेतला. वर्दळ पुसली गेली, बुटाला पॉलिश करून घेणारा तेवढा उमटला. त्या काळी भिंगावरचे झाकण हातानेच काढत!

ताऱ्यांच्या रेषांसाठी तासभर एकामागून एक फोटो घ्यायचे, तर रिमोट सोयीचा, हे मान्य. पण त्याआधी मंडळाची तिपाई पाहा. तिचा एक पाय सुतळीने बांधला आहे, आणि वारा सुटला की कॅमेऱ्यासकट ती डुलते. तिला रिमोट काय करणार?